होईलरावांची उशी

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, ते तिथंच सुखात असू दे. त्या मोठ्या इस्पितळाच्या सहा मजल्यांवर त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. तोंडावर 'सर' आणि पाठ वळली की 'होईलराव'. त्यांना हे ठाऊक होतं. राग यायला अंगात थोडं त्राण लागतं, ते आता छप्पन्नाव्या वर्षी उरलं नव्हतं, एवढंच.

नावाचं कारण सरळ होतं. कुणी काहीही मागो, या माणसाच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "होईल." एक्स-रेवाले म्हणाले, आम्हाला जुन्या फिल्मा ठेवायला जागा हवी. होईल. लॅबवाले म्हणाले, आमचं मशीन मंदावलंय, बघता का? होईल. शेजारी म्हणाले, आमच्या मुलीचा कॉम्प्युटर बिघडलाय, रविवारी येता? होईल की, त्यात काय! आणि त्यात काही वाईट हेतू नव्हता हो. कुणाच्या तोंडाला पानं पुसायची त्यांची दानतच नव्हती. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे, बाकी काही नाही.

आता मजा अशी, की त्यांचं कामच या स्वभावाला साजेसं होतं. तळमजल्यावर, औषधांच्या गोदामामागे, एक थंडगार खोली होती. आत लोखंडी कपाटं आणि कपाटांत डिस्का. पंख्यांची घरघर अखंड. होईलरावांचा राखाडी स्वेटर बारा महिने खुर्चीच्या पाठीवर असायचा आणि टेबलावरचा चहा दुसऱ्या घोटाला गार झालेला असायचा. इस्पितळातल्या सगळ्या खात्यांची मशीनं, म्हणजे खरी नव्हेत, एका मोठ्या मशीनच्या पोटात चालणारी आभासी मशीनं, याच डिस्कांवर जगत होती. कुणाला किती जागा द्यायची हे होईलराव ठरवत.

आणि द्यायची पद्धत अशी. समजा लॅबनं दोन टीबी, म्हणजे दोन टेराबाइट जागा मागितली. होईलराव लॅबच्या मशीनला सांगत, घे, तुझी डिस्क दोन टीबीची. मशीन बिचारं विश्वास ठेवतं. पण खरी जागा एवढीही दिलेली नसते. लॅब जसजसं लिहील, तसतशी मागून चिमूट चिमूट जागा सोडली जाते. बाकी सगळी बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. ही काही लबाडी नाही, जगभर असंच चालतं. वीस जणांना जेवायला बोलावलं आणि घरात ताटं आठच असली, तरी सगळे एकदम येत नाहीत म्हणून निभावून जातं. फक्त कुणीतरी दाराशी उभं राहून मोजायला हवं.

ते मोजणं म्हणजे होईलराव. त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला असे, त्यावर हातानं आखलेले दोन रकाने. एकावर लिहिलेलं 'कबूल', दुसऱ्यावर 'वापर'. दर सोमवारी ते आकडे खोडून नवे लिहीत. कपाटांत खरी जागा शंभर टीबी. 'कबूल'ची बेरीज गेली होती दोनशे चाळीसवर. 'वापर' नव्वदीच्या पुढं सरकत होता, दर सोमवारी थोडा थोडा. आणि तो शंभराला टेकला की काय होतं? एकट्या लॅबचं मशीन नाही थांबत. सगळ्यांचीच थांबतात, एकदम, ज्यानं काही मागितलंसुद्धा नाही त्याचंही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नव्या डिस्कांसाठी त्यांनी साहेबांकडे तीनदा अर्ज केला होता. साहेब तिन्ही वेळा काय म्हणाले असतील? "होईल, होईल." होईलराव खाली आले आणि खुर्चीत बसून एकटेच हसले. म्हणाले, भेटला बुवा जोडीदार.

मात्र एक शहाणपणाची गोष्ट त्यांनी करून ठेवली होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी दोन टीबीची एक फाइल बनवली होती, आत सगळा कचरा, अर्थ शून्य. पण ही फाइल नुसती कबूल केलेली नव्हती, पुरती भरलेली होती, जागा खरोखर अडवून बसलेली. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'उशी'. कधी स्टोरेज तुडुंब व्हायची वेळ आली, तर उशी पुसायची. दोन टीबी मोकळे होतात, तेवढ्यात श्वास घ्यायचा आणि शांतपणे पुढचं निस्तरायचं. खात्यात त्यांच्या हाताखाली एक मुलगी होती, तीन वर्षं झाली तरी तिला सगळे 'नवी'च म्हणत. तिला ते सांगत, "बाकी काही विसर, उशी विसरू नकोस. आपल्याला अंग टाकायला तेवढीच जागा आहे."

घरी बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "तुमचं 'होईल' ऐकलं ना, की मी पर्याय शोधायला लागते." नळ गळत होता, होईल. माळ्यावरच्या ट्रंका काढायच्या होत्या, होईल. मुलगी दूरच्या गावी नोकरीला, तिच्याकडे चार दिवस जायचं होतं, होईल की. भिजत घोंगडं पडलेलं. बायकोनं नळ स्वतः बसवून घेतला, ट्रंका भाच्याकडून काढवल्या आणि मुलीकडे एकटी जाऊन आली. भांडलीही नाही. होईलरावांना तेच जास्त लागलं.

या सगळ्या यादीत एकच माणूस असा होता, ज्यानं कधी काही मागितलं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ, दादा.

दादा चौदा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा होईलराव शाळेत आणि दादा घड्याळं दुरुस्त करत. जिन्याखालच्या बोळकांडीएवढ्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, दादांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची वेळ ठीक केली आणि भावाला शिकवलं. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणत, "कोण बघणार माझ्याकडे, माझा एक डोळा कायम भिंगात." होईलरावांना पहिली नोकरी लागली त्या दिवशी ते दादांच्या पाया पडून म्हणाले होते, "दादा, आता तुला जे लागेल ते माझ्याकडे माग. सगळं तुझंच आहे." दादा म्हणाले, "बरं." आणि त्यानंतर तेहेतीस वर्षांत त्यांनी काहीही मागितलं नाही. 'कबूल' सगळं. 'वापर' शून्य.

मग दादांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, मोतीबिंदू. डावा आधीच अधू होता, उजवा ढगाळला, आणि दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. दादा दिवसभर खोलीत बसत. कपाटात बत्तीस घड्याळं राहिली होती, गिऱ्हाइकांची, न्यायला कुणी आलेलं नाही अशी. दादा ती हातानं चाचपत आणि कुठलं बंद पडलंय ते कानानं सांगत. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं तर पुन्हा भिंग लावता येईल. त्या दिवशी दादा लहान पोरासारखे खूश झाले होते.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला. "अरे, येत्या गुरुवारी नको, त्याच्या पुढच्याही नको, त्याच्या पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. साडेदहाला. सोबत माणूस लागतो म्हणे, त्याशिवाय करत नाहीत. तुला जमेल का?"

फोनवर होईलराव होते आणि समोर नवी उभी होती. एक्स-रेवाल्यांची जुन्या फिल्मांची डिस्क एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवायची होती, ती कशी हलवायची ते दाखवा म्हणून. होईलरावांनी फोनवर हात ठेवून तिला म्हटलं, "दाखवतो, होईल," आणि हात काढून दादांना म्हटलं, "होईल दादा. नऊला घ्यायला येतो."

एका श्वासात दोन होईल. त्या दिवशी त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

गुरुवार उजाडला. होईलराव दाढी करत होते, आठ वाजले असतील, आणि नवीचा फोन आला. "सर, स्टोरेज सत्त्याण्णववर गेलंय."

"काल ब्याण्णव होतं."

"मी काल दुपारी फिल्मांची डिस्क हलवायला लावली. रात्रभर कॉपी झाली. पहाटे ती पुरी झाली तशी जुनी पुसली गेली. मीच तसं लावून ठेवलं होतं."

"कशी कॉपी केलीस?"

"साधी कॉपी, सर."

होईलरावांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर फेस तसाच. त्या डिस्कमध्ये कबूल होते सहा टीबी आणि खऱ्या फिल्मा होत्या जेमतेम एक टीबीच्या. साध्या कॉपीला हे कुठून कळणार? तिनं वहीतली भरलेली पानं उतरवली आणि कोरी पानंही तितक्याच इमानानं, एकेक करून उतरवली. पाच टीबींचं रिकामपण, शून्यावर शून्य, खऱ्या डिस्कवर लिहून काढलं. हे काम करणाऱ्या माणसाशिवाय ही चूक जगात कुणाच्या हातून होणार नाही. कॉपीच्या आदेशात एक छोटीशी खूण घातली असती तर कोरी पानं वगळली गेली असती. ती खूण कोणी दाखवायची होती?

"तुम्ही दाखवतो म्हणाला होतात, सर," नवी हळूच म्हणाली. "एक्स-रेवाले रोज विचारत होते."

"बरं," होईलराव म्हणाले. "घाबरू नकोस. उशी पुस. आलोच मी."

मग नवी म्हणाली, "सर, उशी नाहीये."

आणि मग त्यांना आठवलं. दोन महिन्यांपूर्वी लॅबला तातडीनं जागा हवी होती, डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या होत्या, आणि होईलरावांनी त्यांच्या देखत स्वतःच्या हातानं उशी पुसली होती. नंतर परत करून ठेवू. होईल.

त्यांनी दादांना फोन लावला. "दादा, अर्धा तास उशीर होईल. पण येतो."

"सावकाश ये," दादा म्हणाले. "मी आंघोळ करून बसलोय."

इस्पितळात पोचेपर्यंत आकडा होता साडेसत्त्याण्णव. कोरी पानं शोधून ती जागा परत करायला सांगता येतं, ते त्यांनी आल्याआल्या सुरू केलं. पण तो आदेश म्हणजे गोगलगाय, सहा टीबी चाळत जाणार, दुपार करणार. आणि तोवर इस्पितळ काही थांबून राहत नाही. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, अतिदक्षता विभागातले आकडे, सगळं येऊन त्याच साठ्यात पडत होतं. उशी असती तर होईलराव ती पुसून, नवीला खुर्चीत बसवून, सव्वानऊला बाहेर पडले असते. ती नव्हती, म्हणून लहान लहान मशीनं हातानं उचलून या साठ्याबाहेरच्या एका जुन्या, खोकणाऱ्या कपाटात नेऊन ठेवायची होती, एकेक करून, आणि कुठलं हलवलं तर चालेल हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. तेही शिकवायचं राहिलं होतं.

साडेनऊ. अठ्ठ्याण्णव. साहेबांचा फोन आला, "काय गडबड आहे? होईल ना ठीक?" होईलरावांनी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर न देता फोन ठेवला.

नवी म्हणाली, "सर, तुम्ही निघा ना. मी बसते. दादांचं ऑपरेशन आहे ना आज?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे रडून लाल. तिला या खुर्चीत एकटीला टाकून गेलो आणि वरच्या मजल्यांवर मशीनं थांबली, तर उभ्या जन्मात ती पुन्हा कीबोर्डला हात लावणार नाही, त्यांना वाटलं. "दहा मिनिटं," ते म्हणाले. "होईल आत्ता."

दहाला दादांचा फोन आला. "अरे, मी पुढं होऊ का? खालचा दुकानदार बसमध्ये बसवून देतो म्हणतोय. तू थेट तिकडेच ये."

"एकटा कसा जाशील? तुला दिसत..."

"बसला दोन पाय लागतात, ते आहेत. तू येतोयस ना पण? ते विचारतील."

इथं खरं उत्तर एकच होतं, आणि ते तीन अक्षरी नव्हतं. होईलरावांनी पडद्याकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. त्यांच्या पाठीत कळ आली होती आणि अर्ध्या गालावरचे न काढलेले खुंट खाजत होते. त्यांना दादांचा खूश झालेला चेहरा आठवला.

"होईल," ते म्हणाले.

सव्वाबाराला आकडा खाली यायला लागला. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, मग भराभर. नवी टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण होईलरावांची पाठ केव्हाच दाराबाहेर गेली होती.

डोळ्यांच्या दवाखान्यात ते पोचले तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. लांबच लांब गॅलरी, भिंतीला लागून बाकं, आणि सगळी बाकं रिकामी. शेवटच्या बाकावर दादा बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर पिशवी. उजव्या भुवईच्या वर निळ्या शाईनं बाणाची खूण काढलेली, या डोळ्याचं करायचं म्हणून. डोळ्यात थेंब घातले होते. बाहुली एवढी मोठी झाली होती की दादांना समोरची खिडकीही दिसत नव्हती.

"आलास?" पावलांवरून ओळखून ते म्हणाले. "डॉक्टर साडेबाराला गेले रे. थांबले होते बरं का माझ्यासाठी. माझा नंबर तीनदा मागे ढकलला त्यांनी. बाई सारखी येऊन विचारायची, आजोबा, कुणी आलं का? मी म्हणायचो, भाऊ येतोय."

होईलराव बाकावर टेकले. पुढची तारीख दहा आठवड्यांनंतरची मिळाली होती.

"दादा, चुकलं माझं."

"असू दे रे."

"तिकडे मशीनं..."

"माहीत आहे. तुझं काम मोठं आहे." दादांनी पिशवी चाचपून बाजूला ठेवली. रागावलेले नव्हते, आणि तेच अवघड होतं. मग म्हणाले, "वरच्या मजल्यावरचे मास्तर तयार होते यायला. सकाळी दोनदा विचारून गेले. मी म्हटलं, नको, माझा भाऊ येतोय. तू नाही म्हणाला असतास ना, तरी चाललं असतं रे."

एवढंच बोलले. तेहेतीस वर्षांत कुणी होईलरावांना इतकं कठोर बोललं नव्हतं, आणि बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

टॅक्सीत दादा त्यांचा कोपर धरून बसले. वाटेत बायकोचा फोन आला. "अहो, संध्याकाळी भाचीकडे जायचंय, लक्षात आहे ना? याल ना?"

होईलरावांचं तोंड उघडलं, 'हो' बाहेर पडलाही असता. त्यांनी तो गिळला. "नाही होणार. आज दादाकडे राहतोय."

पलीकडे ती चार सेकंद गप्प. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मग मी शेजारच्या वहिनींना घेऊन जाते. दादांचं झालं का नीट?"

चार सेकंद! एवढ्यासाठी माणूस जन्मभर घाबरला.

दादांच्या खोलीत घड्याळं टिकटिकत होती, जी चालू होती ती. होईलरावांनी ओल्या रुमालानं भुवईवरचा बाण पुसायला घेतला. शाई काही निघेना. "राहू दे," दादा म्हणाले, "पुढच्या वेळी त्यांची मेहनत वाचेल." दोघंही हसले, पण होईलरावांना ते हसणं पुरलं नाही. त्यांनी दादांच्या टेबलावर, स्प्रिंगा आणि चिमटे बाजूला सारून, एक कागद घेतला आणि रजेचा अर्ज लिहिला. दादांना दिसत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवला. तारीख, वार, पूर्ण दिवस. कारण, भावाचं ऑपरेशन.

दादांनी मान हलवली. मग जरा घुटमळून, आपण काही वावगं बोलतोय की काय अशा आवाजात म्हणाले, "मी मास्तरांनाही सांगून ठेवू का? आपलं उगाच... असावं म्हणून."

होईलराव कागदाकडे बघत राहिले. बरोबर होतं दादांचं. अगदी बरोबर होतं.

"सांगून ठेव," ते म्हणाले. "उशी असलेली बरी."

दादांना त्यातलं एवढंच कळलं. त्यांनी हातानं चाचपत पाठीमागची उशी ओढून काढली, घरात तेवढी एकच होती, आणि आवाजाच्या दिशेनं पुढं केली. "घे. आडवा हो जरा. दमला असशील."